बेघर माणूस आणि कॅमेऱ्याची नजर

प्रस्तावना

रात्री उशिरा रेल्वे स्थानकातून बाहेर पडणाऱ्या प्रवाशाला फलाटाच्या टोकाशी, पुलाखाली, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर ओळीने झोपलेली माणसे दिसतात. कोणाच्या उशाशी कपड्यांचे गाठोडे असते, तर कोणी दोरीने बांधलेल्या वळकटीवरच डोके टेकलेले असते. प्रवासी आपले सामान सावरतो आणि त्यांना वळसा घालून पुढे जातो. सकाळ झाली की हीच माणसे हमाली करतात, नाक्यावर बिगारी म्हणून उभी राहतात, भाजी विकतात किंवा लग्नाच्या मांडवात भांडी घासतात. दिवसा त्यांना त्यांच्या कामाचे नाव असते. रात्री मात्र त्यांना एकच नाव उरते, ते म्हणजे ‘बेघर’.

या माणसांकडे समाज कोणत्या नजरेने पाहतो? ती नजर कशी तयार होते? ती बदलण्याचा प्रयत्न काही चित्रपटांनी कसा केला आणि त्या प्रयत्नाच्या मर्यादा कोणत्या? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –

• बेघरपणाविषयीच्या सामाजिक वृत्तींचे स्वरूप सांगता येईल;
• ‘बेघर’, ‘बेवारस’, ‘अनिकेत’ यांसारख्या शब्दांमागील भाव स्पष्ट करता येईल;
• चित्रपटातील बेघर माणसाच्या चित्रणाचे परीक्षण करता येईल;
• एखाद्या सामाजिक प्रश्नावर आपले मत कारणांसह लिहिता येईल.

मूलपाठ

१. शब्दांत दडलेली वृत्ती

समाज एखाद्या माणसाला कोणत्या शब्दाने हाक मारतो, यावरून त्या माणसाविषयीची समाजाची वृत्ती कळते. मराठीत घर नसलेल्या माणसासाठी अनेक शब्द आहेत. ‘बेघर’ हा शब्द केवळ वस्तुस्थिती सांगतो. ‘निराधार’ या शब्दात करुणा आहे. ‘भटक्या’ म्हटले की संशय डोकावतो आणि ‘उडाणटप्पू’ म्हटले की दोष त्या माणसाच्याच माथी मारला जातो. ‘बेवारस’ हा शब्द तर मुळात ज्याला वारस नाही अशा मालमत्तेसाठी योजला जातो. फलाटावर सापडलेली पेटी बेवारस असते आणि फलाटावर मृत्यू पावलेला माणूसही पोलिसांच्या नोंदीत बेवारसच असतो.

याउलट ‘अनिकेत’ या शब्दाकडे पाहा. ‘निकेत’ म्हणजे घर. ज्याला घर नाही तो अनिकेत. भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना हा शब्द गौरवाने आला आहे. महाराष्ट्रातील असंख्य आईवडिलांनी आपल्या मुलाचे नाव हौसेने अनिकेत ठेवले आहे. घर सोडून निघालेल्या संन्याशाला आपण नमस्कार करतो. दुष्काळामुळे घर सोडावे लागलेल्या मजुराला मात्र आपण दारातून हुसकावतो. दोघांनाही घर नाही. एकाने ते आपल्या इच्छेने सोडलेले असते आणि दुसऱ्याचे परिस्थितीने हिरावून घेतलेले असते. आदर पहिल्याच्या वाट्याला येतो आणि दोष दुसऱ्याच्या.

ही विसंगती ज्यांनी ओळखली, त्यांत संत गाडगेबाबांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी आपले आयुष्य गावोगाव फिरत, हातात खराटा घेऊन काढले. स्वतःसाठी त्यांनी घर उभारले नाही. परंतु पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी आणि मुंबईत त्यांनी लोकवर्गणीतून इतरांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांच्याबरोबरच बेघरांना आसरा हेही कर्तव्य सांगितले आहे. घर नसण्याचे कौतुक करण्यापेक्षा घर नसलेल्याला निवारा देणे त्यांनी महत्त्वाचे मानले.

२. बेघर म्हणजे कोण?

भारताच्या जनगणनेत बेघर माणसांची गणना एका विशिष्ट रात्री केली जाते. २०११ च्या जनगणनेत ही गणना २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. रस्त्याच्या कडेला, पदपथावर, सिमेंटच्या मोठ्या नळांत, उड्डाणपुलांखाली, जिन्यांखाली, देवळांच्या आवारात किंवा रेल्वेच्या फलाटावर उघड्यावर राहणाऱ्या व्यक्तींची नोंद त्या रात्री घेण्यात आली. ही संख्या देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार इतकी भरली. २००१ मध्ये ती सुमारे १९ लाख ४३ हजार होती. एकूण संख्या घटली असली तरी शहरांतील संख्या मात्र सुमारे ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांपर्यंत वाढली. ज्याला पत्ता नाही त्याला एका रात्रीत शोधून मोजणे अवघड असते. त्यामुळे प्रत्यक्ष संख्या याहून अधिक असावी, असे या क्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचे म्हणणे आहे.

झोपडीत राहणारा आणि उघड्यावर राहणारा यांत फरक आहे. झोपडीला निदान चार भिंतींचा आडोसा असतो. तरीही या दोन अवस्थांमधील अंतर फार थोडे असते. महापालिकेच्या पथकाने एखाद्या सकाळी झोपडी पाडली, की तिच्यात राहणारे कुटुंब त्याच रात्री रस्त्यावर येते. म्हणून या दोन्ही प्रकारच्या जीवनाचा विचार एकत्र करावा लागतो.

३. समाजाच्या तीन नजरा

बेघर माणसाकडे पाहण्याच्या तीन प्रमुख तऱ्हा आढळतात.

पहिली नजर संशयाची. जो रस्त्यावर राहतो तो आळशी, व्यसनी किंवा चोर असणार, असे ही नजर गृहीत धरते. ही वृत्ती केवळ लोकांच्या बोलण्यातच आहे असे नाही, ती कायद्यातही उतरली. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने भीक मागणे हा अपराध ठरवला. उपजीविकेचे उघड साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणारी किंवा थांबून राहणारी आणि भीक मागूनच जगत असावी असे जिच्या अवस्थेवरून वाटते, अशी व्यक्तीही या कायद्याच्या व्याख्येत बसवण्यात आली. म्हणजे माणूस कसा दिसतो, हेच त्याला पकडण्याचे कारण ठरू शकत होते. हा कायदा दिल्लीलाही लागू करण्यात आला होता. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागण्याला अपराध ठरवणारी त्यातील कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली.

दुसरी नजर दयेची. ही नजर थंडीत घोंगडी देते, सणाला जेवण देते. ही मदत मोलाचीच असते. परंतु दया करणारा वर असतो आणि दया स्वीकारणारा खाली. घोंगडी मिळालेल्या माणसाने निवाऱ्याचा हक्क मागितला, पाण्याचा नळ मागितला, शिधापत्रिका मागितली, तर तीच दया अनेकदा आटते.

तिसरी नजर म्हणजे न पाहणे. रोज त्याच वाटेने जाणाऱ्याला तेथे राहणारी माणसे काही दिवसांनी दिसेनाशी होतात. या अदृश्यतेवर बोट ठेवण्याचे काम मुंबईतील स्पार्क या संस्थेने केले. तिने फूटपाथवर राहणाऱ्या हजारो कुटुंबांची पाहणी केली आणि १९८५ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या अहवालाच्या शीर्षकाचा अर्थच ‘आम्ही, अदृश्य माणसे’ असा होता.

संशय, दया आणि दुर्लक्ष या तिन्ही नजरांत एक गोष्ट समान आहे. समोरचा माणूस आपल्यासारखाच कष्ट करणारा नागरिक आहे, हे त्यांपैकी कोणतीही नजर पूर्णपणे मान्य करत नाही.

पाठगत प्रश्न १

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. ‘अनिकेत’ या शब्दाचा अर्थ .......... असा आहे.
२. २०११ मध्ये बेघरांची गणना .......... च्या रात्री झाली.

(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१. गाडगेबाबांनी लोकवर्गणीतून काय उभारले?
२. संशय, दया आणि दुर्लक्ष या तिन्ही नजरांत कोणती गोष्ट समान आहे?

४. न्यायालयात पोहोचलेला प्रश्न

जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईच्या फूटपाथवरील रहिवाशांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. त्यानुसार झोपड्या पाडण्यास आरंभ झाला. या कारवाईविरुद्ध फूटपाथवरील रहिवासी आणि पत्रकार ओल्गा टेलिस यांच्यासह काही जणांनी न्यायालयात दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी या प्रकरणाचा निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड या पीठाचे प्रमुख होते.

या निकालाने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही सामावलेला आहे. माणसे शहराच्या फूटपाथवर हौसेने राहत नाहीत. काम जेथे मिळते त्याच्या जवळ राहिल्याशिवाय त्यांना काम टिकवता येत नाही. म्हणून त्यांना तेथून हटवणे म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणे होय, हे न्यायालयाने मान्य केले. दुसरी गोष्ट मात्र वेगळी होती. फूटपाथ पादचाऱ्यांसाठी असतो, त्यावर कायम वस्ती करण्याचा हक्क कोणालाही नाही आणि रीतसर सूचना देऊन महापालिका तेथील वस्ती हटवू शकते, असेही न्यायालयाने म्हटले. १९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रे मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्यावी आणि ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा संपेपर्यंत, कोणाला हटवू नये, असे आदेशही देण्यात आले.

हा निकाल भारतीय न्यायाच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. तरीही ज्यांनी तो मिळवला त्यांच्यापैकी सर्वांना घर मिळाले नाही. कागदावरचा हक्क आणि डोक्यावरचे छप्पर यांच्यामधील हे अंतर ध्यानात ठेवले पाहिजे, कारण पुढे पाहावयाच्या चित्रपटांचा विषय बऱ्याच अंशी हेच अंतर आहे.

५. पडद्यावरचा बेघर

लोकप्रिय हिंदी चित्रपटांत फूटपाथ पुष्कळदा येतो, पण बहुधा नायकाच्या प्रवासातील पहिले स्थानक म्हणून. नायक फूटपाथवरून निघतो आणि शेवटी बंगल्यात पोहोचतो. मागे राहिलेल्यांचे काय झाले, हे कथा सांगत नाही. मोठ्या भांडवलाचा आधार न घेता, स्वतंत्रपणे काढलेल्या काही चित्रपटांनी मात्र मागे राहिलेल्या या माणसांकडे कॅमेरा वळवला.

ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘शहर और सपना’ हा चित्रपट १९६३ मधील आहे. पोट भरण्यासाठी मुंबईत आलेल्या एका तरुण जोडप्याला घर मिळत नाही आणि ते रस्त्याकडेच्या एका मोठ्या नळात संसार थाटते. जनगणनेच्या व्याख्येतील सिमेंटचा नळ येथे एका संसाराची जागा होतो. तुटपुंज्या पैशांत काढलेल्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

‘चक्र’ हा रवींद्र धर्मराज यांचा चित्रपट जयवंत दळवी यांच्या १९६३ मधील त्याच नावाच्या मराठी कादंबरीवर आधारलेला आहे. मुंबईच्या झोपडपट्टीतील माय-लेकांची ही कथा होय. १९८१ मध्ये लोकार्नो येथील आंतरराष्ट्रीय महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. अम्माच्या भूमिकेसाठी स्मिता पाटील यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. या भूमिकेच्या तयारीसाठी त्या झोपडपट्ट्यांतून हिंडल्या होत्या. चित्रपटात अम्मा उघड्यावर स्नान करते, कारण तिला न्हाणीघरच नाही. त्या दृश्यातून तिच्या जीवनातील अडचण दिसते. जाहिरातदारांनी मात्र तेच चित्र प्रेक्षकांना आकर्षित करण्यासाठी वापरले आणि स्मिता पाटील यांनी त्याबद्दल नाराजी व्यक्त केली. चित्र तेच होते, ते दाखवण्यामागील हेतू बदलला. एका हेतूने ते सत्य झाले आणि दुसऱ्या हेतूने अपमान.

मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे’ हा चित्रपट १९८८ मध्ये प्रदर्शित झाला. त्यासाठी रस्त्यावर राहणाऱ्या मुलांची कार्यशाळा घेण्यात आली आणि त्या मुलांमधूनच बालकलाकार निवडण्यात आले. कृष्णा या नायकाला घरी परतण्यासाठी पाचशे रुपये जमवायचे असतात. तो चहाचे पेले पोचवतो, पैसे साठवतो. एका प्रसंगी तो पैसे देऊन आईला पत्र लिहून घेतो, पण त्याला गावाचा पूर्ण पत्ता सांगता येत नाही. अक्षरओळख नसलेल्या मुलाला घराचा रस्ताच कसा हरवतो, हे या लहानशा प्रसंगातून कळते. हा मुलगा दयेची याचना करत नाही. तो काम करतो, हिशोब ठेवतो, फसवला जातो आणि पुन्हा उभा राहतो.

या चित्रपटाला कान महोत्सवात पदार्पणातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सन्मान मिळाला. त्यानंतर रस्त्यावरील मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. नायकाची भूमिका करणाऱ्या मुलाला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे मोठेपणी तो बंगळुरूमध्ये रिक्षा चालवून संसार करू लागला. चित्रपटाने एक संस्था उभी राहिली, अनेक मुलांना आधार मिळाला, पण पडद्यावर झळकलेल्या मुलाचे आयुष्य चित्रपटाने आपोआप बदलले नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

६. कॅमेऱ्याला विचारलेला प्रश्न

कथापटात कलाकार भूमिका करतात. माहितीपटात खरी माणसे स्वतःविषयी बोलतात. आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ हा १९८५ चा माहितीपट मुंबईतील झोपड्या आणि फूटपाथवरील वस्त्या पाडल्या जात असताना चित्रित झाला. त्यात एका बाजूला शहर ‘स्वच्छ’ व्हावे असे म्हणणारे सुस्थित नागरिक बोलतात, तर दुसऱ्या बाजूला ज्यांच्या श्रमांवर हे शहर उभे राहिले ते मजूर बोलतात. निवेदकाने उपदेश करण्याची गरजच पडत नाही. इमारती बांधणाऱ्यांनाच शहरात जागा नाही, ही विसंगती दोन्ही बाजूंचे बोलणे एकापाठोपाठ ऐकताना आपोआप उघड होते.

या माहितीपटातील एक प्रसंग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. जिची झोपडी नुकतीच पाडली गेली आहे अशी एक स्त्री चित्रीकरण करणाऱ्यांनाच खडसावते. तुम्ही आम्हा गरिबांची चित्रे काढता, त्याने तुमचे नाव होईल, पण त्यातून आम्हांला काय मिळणार, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. दिग्दर्शकाला हा भाग गाळता आला असता. त्याने तो गाळला नाही. त्यामुळे प्रेक्षकालाही सुटका राहत नाही. तो प्रश्न जितका कॅमेऱ्याला आहे, तितकाच अंधारात आरामात बसून पाहणाऱ्यालाही आहे.

या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, परंतु दूरदर्शनवर तो दाखवला जाण्यासाठी दिग्दर्शकाला चार वर्षे न्यायालयीन लढा द्यावा लागला. १९८६ मध्ये मुंबईतील संजय गांधी नगर ही वस्ती पाडण्यात आली तेव्हा तेथील रहिवाशांच्या पुनर्वसनासाठी आनंद पटवर्धन आणि अभिनेत्री शबाना आझमी उपोषणाला बसले. त्या रहिवाशांना पर्यायी जमीन मिळाली. त्या स्त्रीने विचारलेल्या प्रश्नाला कॅमेऱ्याबाहेर जाऊन दिलेले हे एक उत्तर मानता येईल.

त्यानंतर तीस वर्षांनी, २०१५ मध्ये, शौनक सेन यांनी दिल्लीतील बेघरांवर ‘सिटीज ऑफ स्लीप’ हा माहितीपट केला. शीर्षकाचा अर्थ ‘झोपेची शहरे’ असा होतो. ज्याला घर आहे तो झोपेचा वेगळा विचार करत नाही. ज्याला घर नाही त्याला मात्र रोज रात्री झोपण्याची जागा शोधावी लागते, तिच्यासाठी भांडावे लागते आणि अनेकदा पैसेही मोजावे लागतात. कोठे खाट भाड्याने मिळते, कोठे गोधडी. यमुनेवरील जुन्या लोखंडी पुलाखाली एक साधे चित्रपटगृह चालते. थोडे पैसे भरून माणसे तेथे येतात, ती चित्रपट पाहण्यासाठी कमी आणि झोपण्यासाठी अधिक. चित्रपटगृहाचा हा उपयोग शहरातील किती प्रेक्षकांच्या कल्पनेत असेल? या माहितीपटात बेघर माणसे अश्रू ढाळण्यासाठी येत नाहीत. ती युक्त्या लढवतात, व्यवहार करतात, थट्टा करतात आणि आपल्या जगण्याविषयी विचारही मांडतात.

७. परीक्षणाच्या कसोट्या

या चित्रपटांवरून बेघर माणसाच्या चित्रणाच्या काही कसोट्या हाती येतात. त्या माणसाला नाव आणि काम आहे का? तो स्वतः बोलतो, की दुसरेच कोणी त्याच्या वतीने बोलते? त्याच्या बेघरपणाची कारणे दाखवली आहेत, की केवळ त्याचे फाटके कपडे? त्याच्या खासगीपणाचा मान राखला आहे का? आणि तो कॅमेऱ्यावर रागावला, तर त्याचा राग ऐकून घेतला आहे का?

चित्रपट घर बांधून देत नाही. घरासाठी जमीन, पैसा, कायदा आणि शासनाची इच्छा लागते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची योजना आखण्यात आली. एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची सोय असणारे कायमस्वरूपी निवारे असावेत, असे प्रमाण तिच्यात ठरवण्यात आले. असे प्रमाण कागदावर उतरते आणि पुढे प्रत्यक्षात येते, ते समाजाने तशी मागणी केली तर. आणि ज्या माणसांकडे समाज पाहतच नाही, त्यांच्यासाठी तो मागणी करत नाही. चित्रपटाचे काम येथे आहे. वळसा घालून पुढे जाणाऱ्याला तो क्षणभर थांबवतो आणि झोपलेल्या माणसाला दिवसाच्या नावाने ओळखायला शिकवतो.

पाठगत प्रश्न २

(अ) जोड्या जुळवा.
‘अ’ गट: १. चक्र २. हमारा शहर ३. शहर और सपना ४. सिटीज ऑफ स्लीप
‘ब’ गट: क. नळात थाटलेला संसार ख. झोपेसाठी जागेचा शोध ग. जयवंत दळवी यांची कादंबरी घ. वस्त्या पाडल्या जात असतानाचे चित्रण

(आ) योग्य पर्याय निवडा.
कृष्णाचे पत्र आईला पोचण्यात अडचण येते, कारण –
(क) त्याच्याकडे पैसे नसतात (ख) त्याला पूर्ण पत्ता सांगता येत नाही (ग) त्याला आईवर राग असतो

शब्दार्थ

वळकटी – गुंडाळून बांधलेले अंथरूण. बिगारी – बांधकामावरील अंगमेहनतीची कामे करणारा मजूर. पदपथ – फूटपाथ. आसरा – आश्रय, निवारा. उपजीविका – पोट भरण्याचे साधन. पुनर्वसन – विस्थापितांना पुन्हा वसवणे. विसंगती – मेळ नसणे. रोख – बोलण्याची दिशा, सूचित अर्थ. कसोटी – पारखण्याचे साधन. पोटावर पाय देणे (वाक्प्रचार) – उपजीविका हिरावून घेणे. माथी मारणे (वाक्प्रचार) – नको असलेली गोष्ट एखाद्यावर लादणे.

भाषाभ्यास

‘बे’ हा फारसीतून मराठीत आलेला उपसर्ग आहे. त्याचा अर्थ ‘वाचून’, ‘रहित’ असा होतो. उदा., बेघर, बेवारस, बेरोजगार. ‘अ’, ‘अन्’ आणि ‘निर्’ हे संस्कृत उपसर्गही अभाव दाखवतात. उदा., अदृश्य, अनिकेत, निराधार. यांतील ‘अनिकेत’ या शब्दात ‘अ’ आणि ‘निकेत’ अशी फोड होते. अभाव दाखवणाऱ्या सर्वच शब्दांचा भाव सारखा नसतो. तो शब्दाच्या वापरातून घडतो.

कृती: ‘बे’ हा उपसर्ग असलेले आणखी पाच शब्द लिहा. त्यांपैकी कोणते शब्द दोष देतात आणि कोणते केवळ स्थिती सांगतात, ते ठरवा.

तुम्ही काय शिकलात?

• बेघर माणसासाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांत समाजाची वृत्ती दडलेली असते.
• संशय, दया आणि दुर्लक्ष या तिन्ही नजरा बेघर माणसाला समान नागरिक मानण्यात कमी पडतात.
• १९८५ च्या निकालाने उपजीविकेचा हक्क मान्य केला, पण फूटपाथवर कायम राहण्याचा हक्क मान्य केला नाही.
• स्वतंत्रपणे काढलेल्या काही चित्रपटांनी बेघर माणसाला काम करणारी, विचार करणारी, प्रश्न विचारणारी व्यक्ती म्हणून दाखवले.
• चित्रपट नजर बदलू शकतो. निवाऱ्यासाठी मात्र प्रत्यक्ष कृती आवश्यक असते.

स्वाध्याय

१. ‘दिवसा त्यांना त्यांच्या कामाचे नाव असते’ या विधानाचा आशय पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘चक्र’ चित्रपटातील स्नानाचे दृश्य आणि त्याची जाहिरात यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
३. ‘हमारा शहर’ मधील स्त्रीचा प्रश्न योग्य आहे असे तुम्हांला वाटते का? सकारण लिहा.
४. फूटपाथ पादचाऱ्यांसाठी असावा आणि बेघरांना निवाराही मिळावा, या दोन्ही अपेक्षांचा मेळ कसा घालता येईल? दहा ओळींत मत मांडा.
५. तुमच्या गावात किंवा शहरात रात्रनिवारा अथवा रैनबसेरा आहे का, याची चौकशी करा. तो कोठे आहे, तेथे कोणाला प्रवेश मिळतो, पाणी व शौचालयाची सोय आहे का, यांची माहिती मिळवून महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या आयुक्तांना अथवा मुख्याधिकाऱ्यांना सूचनावजा पत्र लिहा.
६. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या चित्रपटातील गरीब किंवा बेघर पात्राचे परीक्षण, पाठाच्या सातव्या भागातील कसोट्यांच्या आधारे, शंभर ते सव्वाशे शब्दांत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) १. ज्याला घर नाही तो २. २८ फेब्रुवारी
(आ) १. गाडगेबाबांनी लोकवर्गणीतून इतरांसाठी धर्मशाळा उभारल्या. २. बेघर माणूस आपल्यासारखाच कष्ट करणारा नागरिक आहे, हे तिन्ही नजरा पूर्णपणे मान्य करत नाहीत.

२. (अ) १–ग, २–घ, ३–क, ४–ख
(आ) (ख) त्याला पूर्ण पत्ता सांगता येत नाही